खोटंखोटं पाणी

माण, ४ ऑगस्ट २०२४

ती. हेमलता वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या धरणापलीकडच्या गावात रेंज येत नाही, म्हणून पौडच्या एस.टी.बरोबर हे पत्र धाडते. तुम्ही सांगितलंत तसा जुईलीच्या हातातला मोबाइल काढून घेतला. आधी तिनं घर डोक्यावर घेतलं. मग तिच्यापुढं रिकामी डबडी, जुनी ओढणी, पेले टाकले, आणि तीन वर्षांची झाली तरी तोंड न उघडणारी तुमची भाची आता दिवसभर बडबडते. अंगणवाडीताईच्या भावाची पोर शोभते हो.

मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या रजनीची गौतमी तिच्या जोडीला असते. रजनी कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते, उदगीरकडची आहे. दोघींचा खेळ ऐका. पालथा डबा म्हणजे आपली पाण्याची टाकी, शाम्पूच्या बाटलीचं झाकण म्हणजे कॉक. जुईली मालकीण, गौतमी भाडेकरू. गौतमी पेला घेऊन आली की ही झाकण फिरवते आणि पाणी बंद झालं म्हणून सांगते. हसून पुरेवाट झाली. व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तुमच्या भावानं तर ऑफिसात सगळ्यांना दाखवला. मी रजनीलाही दाखवला. ती हसली नाही, दमली असेल.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
अपेक्षा

ता. मुळशी, ११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. अपेक्षास,
अ. उ. आ.

पत्र वाचून लई बरं वाटलं. डब्याची टाकी करायला डोकं लागतं बाई. भरलेलं-रिकामं, कमी-जास्त, सगळं त्यातच शिकतात पोरं. पण तू व्हिडिओ काढत उभी काय राहतीस? बूड टेकून खेळायला बस. पोरं देतील ते सोंग घ्यायचं. मधेच पेले किती, रंग कोणता, असली परीक्षा घ्यायची नाही. काय बोलायचं कळलं नाही तर त्यांनाच विचारायचं. आणि थोड्या वेळानं सोंगं बदलायची. मालकिणीनं भाडेकरू व्हायचं, भाडेकरूनं मालकीण. दुसऱ्याच्या जागी बसल्याशिवाय पोरगं मोठं होत न्हाई, असं आमी हितं आयांना सांगतो.

शंभूला म्हणावं, बहिणीला विसरू नको. तुझी माया अशीच राहो.

तुझी,
वन्सं

माण, १९ ऑगस्ट २०२४

ती. वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तशी खेळायला बसले. बसले नसते तर बरं झालं असतं, असं आधी वाटलं.

जुईलीनं मला भाडेकरू केलं. मी पेला पुढं केला. तिनं झाकण फिरवलं, कमरेवर हात ठेवला आणि विचारलं की आठच्या आत भरून घ्यायला काय झालं होतं, पाणी काय तुमच्या बापाचं आहे का. वन्सं, तो हात माझा, शब्द माझे, नाक उडवणंसुद्धा माझं. मी रोज सकाळी आठला मागच्या खोल्यांचा कॉक बंद करते. बोअरला पाणी आहे, टाकी भरलेली असते. वचक राहावा, एवढ्यासाठीच.

पुढं काय बोलायचं, ते गौतमीला विचारलं. तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं की काही बोलायचं नाही, खाली बघायचं, नाहीतर खोली सोडावी लागते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तुम्ही म्हणालात तशी सोंगं बदलली. गौतमीला मालकीण व्हायला सांगितलं. तिनं हात पाठीमागं घेतले. झाकणाला हात लावायचा नाही, आई रागावते, म्हणाली. मी म्हटलं, खोटंखोटं. तर खोटंखोटं पण नाही, म्हणाली. चार वर्षांचं लेकरू, त्याला खेळातसुद्धा मालकीण होता येईना. आणि हाच खेळ मी गावभर दाखवत फिरले. त्या दिवशी रजनी का हसली नाही, ते आता कळलं.

व्हिडिओ पुसला. कॉक उघडा ठेवला आणि रजनीला सांगायला गेले, की आता बंद होणार नाही, माझं चुकलं. ती बरं ताई म्हणाली आणि माझ्यादेखत हंडे, पातेली, तांब्यासुद्धा भरून घेतला. अजून रोज आठच्या आत भरते. तिचा काय दोष?

जुईलीनं आज विचारलं, कॉक उघडाच असला तर मालकीण काय करते. तुम्हाला माहीत असेल तर कळवा, आणि जमलं तर माझ्यावर पूर्वीसारखीच माया ठेवा.

तुमची,
अपेक्षा