फरच्या सालीतलं चीज

क्लुज, शुक्रवार सकाळ

बाबा, तुमच्या ऑरेलियाचा नमस्कार. हे पत्र आईसमोर मोठ्याने वाचू नका.

मी ठणठणीत आहे. आईने फरच्या झाडाच्या सालीत बांधून पाठवलेलं चीज मिळालं. चाटूनपुसून संपवलं म्हणून सांगा तिला. तुमचा गुडघा कसा आहे?

चौकातल्या कमानीसाठी आम्ही गव्हाच्या भुशात अळंबी वाढवून विटा करतो, हे तुम्हाला माहीत आहेच. विटा वाढतात त्या खोलीत खायला सक्त बंदी, खाण्यातून दुसरी बुरशी शिरते. पण पार्सल उघडलं, घरचा वास आला आणि मला धीर निघाला नाही. तिथेच उभ्याने खाल्लं. चार दिवसांनी निम्म्या विटांवर हिरवी बुरशी चढली. कमानीचं उद्घाटन रविवारी आहे.

आमचे प्रमुख कॉर्नेलसर माझ्या शेजारी काम करणाऱ्या स्मारांदावर उखडले. "दिवसभर तुझं तोंड चालू असतं! काय खाल्लंस इथे?"

"देवाशपथ सर, मी नाही. विचारा ना ऑरेलियाला!"

बाबा, मी मान खाली घालून हात धूत राहिले. सरांनी तिला त्याच दिवशी काढून टाकलं.

आता कार्यशाळेच्या पायरीवर बसून हे लिहितेय. सरांची गाडी वळणावर दिसतेय. चीजची साल मी टाकली नव्हती, तीच त्यांच्यापुढे ठेवणार आहे.

आईला एवढंच सांगा, दुसरं चीज पाठवायची घाई नको. बहुतेक मीच घरी येऊन खाईन.

तुमचीच,
ऑरेलिया