एक राउंड जास्त

आई, रविवारी तालमीत मी माईक रिकाम्या खुर्च्यांपुढे धरला. तू धरायचीस तसाच, हात लांब करून, चेहऱ्यावर हसू ठेवून. कार्यक्रमात असं केलं की लोक गायला लागतात आणि शब्द विसरलेल्या बाईची सुटका होते. इथे शाळेचा बंद हॉल आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्या. गाणार कोण? मागे ऑर्केस्ट्रा वाजतच राहिला.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुझा ऑर्केस्ट्राही बंद होतोय. जो तो कराओके लावून गातो, एवढा ताफा बोलावतो कोण? कीबोर्डवाले काका मुलाकडे पुण्याला चाललेत. शेवटचे तीन कार्यक्रम ठरलेत, म्हणून तालमी जोरात आहेत आणि तुझ्या जागेवर मी उभी असते. समोर मोबाइलवर गाणं लिहिलेलं असतं. हो, ठेवते मी. "कागद पाहूनच गायचं असन तं घरी बस," असं तू मला सगळ्यांदेखत झापलं होतंस, तरी ठेवते. पण रविवारी शब्द समोर असून उपयोग झाला नाही. कोणतं कडवं गाऊन झालं आणि कोणतं राहिलं, तेच कळेना.

तुझं विसरणं सुरू झालं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी कामावरून येते तर जिन्यातच ठसका लागतो. कढईत भिवापुरी मिरच्यांचा कोळसा झालाय, घर धुराने भरलंय आणि तू झारा धरून उभी आहेस. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण बाजूला होत नाहीस. मी धावत जाऊन गॅस बंद करते. "मी काय करून राहिली होती वं?" तू विचारतेस. मी हसले, मग तूही हसलीस. तेव्हा तुझं वय काय होतं ते मी काल मोजलं. नसतं मोजलं तर बरं झालं असतं, कारण आज माझं तेवढंच आहे.

तालीम संपल्यावर काका जवळ आले. "जरा दमलेय," मी म्हटलं.

"काहून घाबरून राहिली वं पोरी? तुझी आई माईक लोकाईकडे धरे, तवा आम्ही तीच धून एक राउंड जास्त वाजवू. तिले आठवेपर्यंत. तुह्यासाठीबी वाजवू."

आम्हा घरच्यांना ती तुझी अदा वाटायची गं! मी विचारलं, "तिला माहीत होतं?"

"तिले कोण सांगते?" म्हणत ते वायरी गुंडाळायला लागले.

माणूस मायेनेच बोलला. पण तोवर मी सगळं दमण्यावर, चष्म्यावर, झोपेवर ढकलत होते. आता ज्याने तुला पाहिलंय त्यानेच मला ओळखलं. तीन कार्यक्रम ही मंडळी मला सांभाळतील. पुढे? परवा बेसाला, आपल्या घराजवळच्याच चौकात गाडी थांबवून मी उभी राहिले. घर डावीकडे की उजवीकडे, तेच सुचेना. मागून हॉर्न वाजत होते. तिथे माझ्यासाठी कोण थांबणार आहे?

डॉक्टरांकडे अजून गेले नाही. रोज सकाळी ठरवते आणि रोज काहीतरी काम काढते. लेकीला सांगितलं तर ती उद्याच गाडीत बसून येईल, म्हणून तिलाही नाही. हे तुला लिहिलेलंही कपाटातच राहील.

लहानपणापासून कोणी "आईवर गेली" म्हटलं की मी फुलून जायचे. काल तालमीला आलेल्या एक बाई कौतुकाने तेच म्हणाल्या. मी बाथरूमचं दार लावून रडले. आई, मला तुझ्यावर जायचं नाही.