बिनमुराळीची आखाजी

२८ एप्रिल १९८९, शुक्रवार

आजही कोणी आलं नाही!

समोरच्यांची सून गेली, कोपऱ्यावरची गेली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की गल्लीत रोज कुणाचा ना कुणाचा मुराळी येतो. बाप नाहीतर भाऊ. ओट्यावर बसतो, पाणी पितो, पिशवी उचलतो आणि लेकीला माहेरी घेऊन जातो. मुराळी आल्याशिवाय निघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी मात्र चार वर्षं आखाजीला सासरी, नरडाण्यातच. लोकांच्या लेकी झोक्यावर बसतात, मी दारातून बघते.

बाबा धुळ्याला कापसाच्या जिनात कामाला होते. खोली जिनाचीच. बाबा गेले, पाठोपाठ आई गेली, खोलीही गेली. उरला झुलाल — माझा धाकटा भाऊ. तो कोकणात दिव्यावर नोकरीला लागला. दिवा म्हणजे समुद्राकाठचं ते दीपगृह, जहाजांना वाट दाखवणारं. लग्न केलं नाही. दिवाळीला कार्ड येतं — ‘खुशाल आहे.’ बस! आखाजीला एकदाही आला नाही.

मग मला माहेर आहे की नाही? हे विचारायचं तरी कोणाला?

२९ एप्रिल

ठरलं. मीच जाणार!

ह्यांना सांगितलं तर चहा खाली ठेवून म्हणाले, ‘येडी व्हयनी का काय तू? बिनमुराळीनी जाशी? अनं मी जवाई — बोलावं नही, चालावं नही, तसाच जाऊ?’

मी म्हटलं, तुम्ही राहा घरी. मी एकटी जाते.

मग जरा वेळाने, पेपरात तोंड घालून — ‘समुद्र खरंच निळा ऱ्हास का?’

शाळेत पोरांना भूगोल शिकवतात आणि समुद्र पाहिलेला नाही! मीही नाही म्हणा. शाळेला सुट्टी लागलीय, पोरगं आत्याकडे असोद्याला गेलंय. आता अडवणार कोण?

४ मे

सांजोऱ्या झाल्या. पापड, ज्वारीचे बिबडे बांधले. डांगर घेतलं — चांगलं गोड खरबूज, वास घेऊन निवडलं. आणि घागर! आखाजीला गेलेल्यांच्या नावानं घागर भरायची, वर डांगर आणि सांजोरी ठेवायची. कोकणात आपल्यासारखी लाल घागर मिळते की नाही, कोणाला ठाऊक? कुंभाराकडून घेऊन लुगड्यात गुंडाळली. आईबाबांच्या नावानं झुलाल भरतो का काहीतरी? त्याला एकट्याला काय सुचणार!

किल्ली शेजारी प्रेमकुंवरभाभींकडे दिली. त्यांचं किराण्याचं दुकान, त्यामुळे गल्लीची खबर आधी त्यांना लागते. ‘कठे चाली?’ मी म्हटलं, ‘माहेरी.’ त्यांचे डोळे मोठे झाले. पुढचं विचारायच्या आत आम्ही दोघं रिक्षात.

५ मे

धुळ्याहून रात्रभर एस्टी, मग दुसरी, मग तिसरी. अंग आंबलं. घागर सगळीकडे माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, बाई, पोराचं तिकीट काढा.

६ मे

पाहिला!

निळा नाहीच मुळी. सकाळी राखाडी होता, दुपारी हिरवट, संध्याकाळी तांब्याच्या घंगाळासारखा. हे लांब वाळूवरच उभे राहिले. मग म्हणाले, ‘इतलं पानी! अनं प्याले घोटभर नही!’ पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लाट आली तसे मागे पळाले. मी हसले. पाण्याची भीती, हे लग्नाआधी सांगितलंच नव्हतं यांनी!

गाडी इथपर्यंतच येते. दिवा लांब, टोकावर. सामानाची बोट पंधरवड्याने एकदा, ती पलीकडच्या बंदरातून परस्पर येते-जाते आणि कालच येऊन गेली. खानावळीतल्या काकू म्हणाल्या, चालतच जा, पण ओहोटीला. भरती आली की वाट पाण्याखाली. ‘आणि दिव्यावर काय काम काढलंत?’

‘माहेर आहे माझं.’

काकू भात वाढता वाढता थांबल्या. ‘दिव्यावर? माहेर?’ आणि मग भाताचा आणखी एक डाव वाढला.

७ मे, रविवार

हात दुखतोय, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

उजाडताना निघालो. आधी वाळू. वाळूत चालणं म्हणजे पेरणीच्या मऊ वावरात चालण्यासारखंच, पाय मागे ओढतो. मग खडक, काळे आणि शेवाळाने गुळगुळीत. त्यावर कालवं चिकटलेली, धारदार. चपला काढल्या तर तळपाय कापतो, घातल्या तर घसरतो! मी चपला घालून, बसत-सरकत गेले. घागर पदरात बांधून पोटाशी. हे मागून ओरडत होते, ‘घागर सोड, तू पडशी!’ घागर सोडायला इतक्या लांब आले होते का मी?

एका डबक्यात लाल, फुलासारखं काहीतरी होतं. बोट लावलं तर मिटलं! प्राणी की झाड? ह्यांनाही सांगता येईना. भूगोलात नाही म्हणे.

मग खाडीचं तोंड. पाणी गुडघ्याच्या वर, ओढ अशी की पायाखालची वाळू सरकते. हे काठावर उभे. ‘माले पोहता येत नही, सांगी ठेवस.’ मी पुढे गेले. निम्म्यात पोचले तेवढ्यात मागून — ‘डांगर गयं! डांगर गयं!’ ह्यांच्या पिशवीतून निसटलं आणि चाललं तरंगत समुद्राकडे. आणि काय सांगू — हे त्याच्यामागे! कमरेपर्यंत, छातीपर्यंत! डांगर धरलं, उराशी कवटाळलं आणि पलीकडच्या काठावर येऊन बसले, थरथर कापत. ‘आखाजीनं डांगर शे,’ म्हणाले. ‘तुना मायबापन्या नावनं.’

अठरा वर्षं झाली लग्नाला. आज पहिल्यांदा मला हा माणूस फार आवडला.

त्यानंतर कडा. पाऊलवाट कसली, पावसाच्या पाण्यानं पाडलेली चर. करवंदीच्या जाळ्या धरून चढलो. जाळीला काटे आणि करवंदं दोन्ही — एक हात ओरबाडायचा, दुसरा तोंडात. वर उघडं माळरान, ऊन मी म्हणत होतं. टोकाला पांढरा दिवा, त्याच्या पायथ्याशी कौलारू झोपडीएवढी खोली. पाय भरून आले होते, तरी मी धावलेच.

दारात झुलाल नव्हता. त्याच्या हाताखालचा धाकू होता, इथलाच माणूस. म्हणाला, ‘भाऊ सुट्टीवर गेले. परवाच्या बोटीनं.’

‘कुठं?’

‘बहिणीला आणायला. दर साली जातात.’

दर साली! धाकूला विचारलं, मग आणतो का बहिणीला?

‘नाय. एकटेच येतात. आले की दोन दिवस बोलत नायत.’

माझ्या दारात तो कधीच आला नाही. की आला आणि कोणी परत पाठवला? मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा उतरला. ‘मी नही. तुनी आन! माले मालूमच नही.’ मग कोण? सासूबाई होत्या दोन वर्षांपूर्वीपर्यंत. त्यांनी? गेलेल्या माणसावर संशय घेऊ नये. घेतेय मी.

८ मे, आखाजी

खोलीच्या आढ्याला झोका आहे. नवा दोर, गुळगुळीत फळी. धाकू म्हणाला, भाऊ दर साली जाण्याआधी बांधतात. आल्यावर सोडतात. कोणी बसत नाही.

कोपऱ्यात एक घागरही होती. लाल नाही, इथली काळपट. म्हणजे त्याला सुचतं. मी त्याच्या घागरीशेजारी माझी भरून ठेवली. एक आईची, एक बाबांची. खाडीचं डांगर कापलं, ह्यांनी आधी चाखून पाहिलं — खारट झालं नव्हतं.

दुपारी धाकूनं दिव्यावर नेलं. गोल जिना, डोकं गरगरतं. वर केवढी भिंगं! आमच्या धान्याच्या कोठीएवढी, आणि त्यांच्या पोटात दिवा एवढुसा. एवढ्याशा दिव्याचा उजेड इतका लांब जातो कसा? धाकूनं समजावलं, मला अर्धं कळलं. झुलाल आला की पुन्हा विचारीन.

झोक्यावर अजून बसले नाही. झोका भावानं द्यायचा.

९ मे

वाट बघतेय. समुद्र दिवसातून दोनदा जातो आणि दोनदा येतो. तो तरी येतो.

१० मे

आला! ओहोटीच्या वाटेनं, वाळूनं भरलेला. कोणी परत पाठवलं नव्हतं त्याला. दर वर्षी तो नरडाण्याच्या स्टेशनात उतरायचा, बाकावर बसायचा, लेकींना घेऊन जाणारे मुराळी बघायचा आणि परतीच्या गाडीत चढायचा. ‘कथा लई जातू तुले, अक्का? घर नही, दार नही. मायेर म्हनीसन काय दखाडतू?’ यंदा प्रथमच हिय्या करून दारापर्यंत आला, तर कुलूप! प्रेमकुंवरभाभींनी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, सुनंदा? ती तर माहेरी गेली. ‘मी इचारं, कोनतं मायेर? तिले काही मायेर ऱ्हायनं नही!’ भाभी त्याच्यावरच खेकसल्या — असं कसं, भाऊ आहे ना तिचा! मग हा वेडा तिथंच, आमच्या ओट्यावर बसून रडला. भाभींनी पाणी दिलं.

आता झोका देतोय. लिहिता येत नाही नीट.