अंगुस्तानाखालचा दाखला

१८ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय ताई,

मी मजेत आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं, खोलीच्या खिडकीला पडदा लावला. तूच शिवलेला. दोन बोटं आखूड पडला, पण मापं मी घेतली होती, तेव्हा तुला बोल लावत नाही. भाऊजींचा पाय कसा आहे? चिमणी अजून बडबडच करते की वाचतेही?

काल तुझा फोन आला, "अगं, दाखला दिसला! फॉर्म गेला! माझंच काहीतरी चुकत होतं." तू इतकी हसत होतीस की मला मध्ये तोंड घालता आलं नाही. खरं सांगायचं तर धीरच झाला नाही. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, हे लिहिते आहे.

दहावीला बाहेरून बसणाऱ्यांचं ते अ‍ॅप आमच्या ऑफिसनं बनवलंय, हे तुला ठाऊक आहे. त्यातलं कागद जोडायचं पान माझं आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. लोक त्यात काहीही पाठवायचे. केकचे फोटो, गाणी, एकानं तर म्हशीचा व्हिडिओ पाठवला होता. साहेब वैतागले. तेव्हा मीच सुचवलं की फक्त पीडीएफच निवडता येईल असं करू, बाकीचं फिकट दिसेल, बोट ठेवलं तरी उचललं जाणार नाही. दोन तासांचं काम. साहेब म्हणाले, "शाब्बास." मी दिवसभर हवेत होते.

मग गेल्या गुरुवारी तुझा फोन आला. "फोटो तर आहे गं माझ्याकडे, पण तो निवडताच येत नाही." आणि मी काय म्हणाले? "ताई, वर स्पष्ट लिहिलंय ना, पीडीएफ. वाच की जरा."

तू "बरं" म्हणालीस.

मी शाळेत जावं म्हणून नववीनंतर घरी बसलेल्या बहिणीला मी म्हणाले, वाच की जरा.

त्यानंतर तू तो फोटो मला पाठवलास. शाळा सोडल्याचा दाखला, घड्यांवर झिजलेला, आणि कोपरा वर येऊ नये म्हणून त्यावर ठेवलेलं तुझं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. एकेक अक्षर वाचता येत होतं. त्यात काय कमी होतं, ताई? काहीच नाही.

आमच्याकडे अ‍ॅप तपासणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना काकू म्हणतात आणि सगळे त्यांना टरकतात. मी त्यांना फोटो दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून त्या म्हणाल्या, "तू तपासलंस कशावर?"

"ऑफिसच्या फोनवर."

"त्यात कागद कुणी ठेवले होते?"

"मीच. पीडीएफ करून."

"मग दिसणारच की. तुझ्या बहिणीच्या फोनवर तपासलंस?"

मग त्यांनी मला एक आकडा दाखवला. ते पान उघडून काहीही न जोडता परत गेलेली माणसं चारशे बारा. त्यातल्या एकानं ते अकरा वेळा उघडलं होतं. ती तू होतीस का? नको, सांगू नकोस.

नोकरीच्या मुलाखतीत मी छाती फुगवून सांगितलं होतं, आमच्यासारख्या घरांसाठी काहीतरी करायचंय. आणि केलं ते हे.

साहेबांकडे जाऊन म्हटलं, चूक माझी आहे, शुक्रवारी मुदत संपते, मला दोन दिवस द्या. ते ओरडले नाहीत. "म्हैस पुन्हा येता कामा नये," एवढंच म्हणाले. आता पीडीएफ चालते आणि फोटोही चालतो. फोटोची पीडीएफ अ‍ॅप स्वतःच करतं. गाणी आणि म्हशी बाहेरच. पहिली तपासणी तुझ्याच दाखल्यावर केली, अंगुस्तानासकट. त्यापुढे हिरवी खूण उमटली तेव्हा काकूंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. सोमवारी तुला "अ‍ॅप अपडेट करून पुन्हा बघ" एवढंच कळवलं. बाकीचं गिळलं.

आज सकाळपर्यंत त्या चारशे बारातले तीनशे सहा परत येऊन कागद जोडून गेलेत. उरलेल्यांना काकू आणि मी संदेश पाठवतोय. अजून दोन दिवस आहेत. कितीतरी दिवसांनी काल मी गाढ झोपले.

तर ताई, तुझं काही चुकत नव्हतं. फोनचंही नाही. मी चुकले होते, आणि वर तुलाच बोलले. पुढच्या वेळी काही अडलं तर "बरं" म्हणून फोन ठेवू नकोस. लहानपणी माझी वेणी ओढायचीस तशी ओढ, भांड माझ्याशी. अभ्यासाला बसशील तेव्हा गणित मी शिकवेन, आणि आवाज चढवला तर अंगुस्तान फेकून मार.

तुझ्या भांडणाची वाट बघणारी,
तुझ्या जागी शाळेत गेलेली,
तुझी धाकटी