पाचव्या मशीनला रकाना नाही

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (खरं लिही. मागच्या पत्रात वर 'बरा आहे' आणि खाली 'जिना बंद केलाय' असं होतं.) भावजींची तब्येत विचारत नाही, ती ते फोनवर आपणहून सविस्तर सांगतात. आई ठणठणीत आहे आणि हे पत्र तिच्यावरूनच आहे.

आमच्या सांख्यिकी कचेरीला सध्या उद्योजकता मोजायची आहे. कुणी स्वतःच्या हिमतीवर काय सुरू केलं, ते का वाढलं, का बंद पडलं आणि त्यात सरकारी धोरणाचा हात किती, हे बेचाळीस प्रश्नांत बसवायचं. तीन आठवडे मी दारोदार फिरलो. एका चावीवाल्याला 'धंद्यात नावीन्य आहे का' विचारलं, तर तो म्हणाला, प्रत्येक चावी नवीनच असते, नाहीतर चोरांचं फावलं असतं. (मी 'होय' लिहिलं.) मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत आपलंच घर निघालं. तिथे खरं तर दुसऱ्याने जायला हवं, पण दुसरा रजेवर. तेव्हा मी जेवून हात धुतले, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि आईसमोर बसलो.

"कधी व्यवसाय केलाय?"

"नाही," आई म्हणाली. "पुढचं विचार."

ताई, मागच्या खोलीत बावीस वर्षं स्वेटर विणायची चार मशिनं खडखडत होती. त्या खडखडाटातच मी पाढे पाठ केले, त्यामुळे शांत खोलीत मला अजून सतराचा पाढा येत नाही. कंपाउंडरबाई आणि मास्तरीणबाई भांडत भांडत बाह्या जोडायच्या. लोकरीचं तूस वह्यांत, दुधात, सगळीकडे. तू माझ्या दोन्ही हातांवर लड चढवून गुंडे करायचीस आणि माझं नाक खाजायला लागलं की मुद्दाम हळू गुंडाळायचीस. (चाळीस वर्षं झाली, आता तरी कबूल कर.) चार शाळांची पोरं आपल्या खोलीतले स्वेटर घालून फिरत होती, आणि ही बाई म्हणते 'नाही'.

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, व्यवसाय नव्हता तर सोड, पण चारावरच का थांबलीस? पाचवं मशीन का नाही घेतलंस?

आईने चष्मा काढला. "पाचवं आलं की त्याला कारखाना म्हणायचे. परवाना, दारावर पाटी, कामाला येणाऱ्यांसाठी वेगळं दार. आपल्या खोलीला दार एकच." मग काचा पदराने पुसत म्हणाली, "टपालवाल्याची बायको काम मागायला दोनदा आली होती. हात फार सफाईदार होता तिचा. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी आतूनच सांगितलं, जागा नाही. तिच्यासमोर जायचा धीर झाला नाही. जिना उतरताना तिच्या चपला वाजत होत्या, तेवढ्या ऐकल्या."

ताई, बंद पडलेले धंदे आम्ही मोजतो, पण न घेतलेलं मशीन कुठल्या रकान्यात लिहायचं? मी समासात लिहिलं: 'पाचवं मशीन, एक.' साहेबांनी ते खोडलं. मात्र 'व्यवसाय केला: होय, बावीस वर्षं' हे मी ठसठशीत लिहून, आईने चष्मा परत लावायच्या आत तिची सही घेतली होती, ते कुणाला खोडता आलं नाही. घरी येताना छाती फुगली होती.

तुझा,
धाकटा

ता. क. — छाती दोनच दिवस फुगलेली राहिली. आई माझ्याशी बोलेनाशी झाली, तेव्हा शोध घेतला. ज्यांनी पूर्वी कधीच व्यवसाय केलेला नाही, अशा स्त्रियांना सरकार वर्षभर बिनभाड्याचा गाळा देणार आहे. (वयाची अट घालायला विसरलेत.) आईने अर्ज आणून ठेवला होता, आणि मी तिला माझ्या अक्षरात अपात्र ठरवलं. तू कधीच व्यवसाय केलेला नाहीस आणि ही योजना तुमच्या गावीही आहे. सोबतच्या अर्जावर फुलीपाशी सही कर.

आणखी एक ता. क., आईच्या हातचा — पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलंय. मी रुसले नव्हते, कवळी दुरुस्तीला टाकली होती. सही कर, जावईबापूंना नंतर सांगू. गाळ्याला उजेड कुठून येतो ते बघून ठेव. मी गुरुवारी येतेय, सामान आधीच निघालंय. याला कळवू नकोस, लगेच लिहून घेतो.