रॉयवर माझी पाळत

३ फेब्रुवारी १९७४
मालते, परवा सांगितलेलं तुला आज आठवत नाही, म्हणून ही वही. तारीख आधी टाक. मला अक्षर येत नाही, म्हणजे ही कुणीच वाचणार नाही.
माझी ही नात रेडिओला कान लावून बसते. अमेरिकेतल्या कुठल्याशा बँडचा मुख्य गायक आहे, रॉय, त्याच्यासाठी. येत्या रविवारी तिला बघायला खालापूरचं स्थळ येतंय. मुलगा तिला फोटोतच पसंत आहे. मान खाली घातली तरी मला कळतं. तोवर रेडिओ बंद.

५ फेब्रुवारी, दुपारी
बंद केला नाही. नातीचं लक्ष चोरणाऱ्यावर पाळत ठेवावी लागते.
मालती मासिकात वाचून सांगते, रॉय आधी पोती उचलायचा. मग चौघांनी बँड काढला. पुढे हा, मागे तिघं, आणि तिघं रुसले. हळदीच्या गाण्यांत आमच्या गोदूबाईचं हेच. पुढे मी म्हणते, तर ही मागं म्हणायचं सोडून पुढं घुसते.

७ फेब्रुवारी
रॉयनं बँड सोडला म्हणे. सोडला कसला, तिघांनी काढला असणार. जेवले नाही. भात करपला होता.

९ फेब्रुवारी
सून द्वारका म्हणते, आत्याबाई, तुमी तांदूळ निवडताना रॉयचं गाणं गुणगुणता. खोटं! चाल आमच्या हळदीची आहे. त्यानं इथून नेली कशी, ते बघायला हवं.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
पाहुणे आले. मुलगा शरच्चंद्र, कचेरीत कारकून. त्याची आई म्हणाली, पोरी, एक गाणं म्हण. मालतीचा आवाज फुटेना. मी फक्त पाठबळ म्हणून एक ओळ धरली. चाल रॉयची कशी लागली, देव जाणे. पायानं ठेकाही धरला. पाच गाणी झाली. मुलीला काही विचारायची गरजच पडली नाही. पाहुणे एसटीसाठी घाईनं उठले. जमलं!

१७ फेब्रुवारी
निरोप आला. शरच्चंद्रचं कशेळ्याच्या मुलीशी ठरलं. पण हळदीला त्या गाणाऱ्या आजींना नक्की पाठवा म्हणे, हसून हसून पोट दुखलं.
मालतीनं पेन खाली ठेवलं. दोनदा सांगितलं तेव्हा उचललं.
ही गोदूबाईची लावालावी. मी जाणार नाही. गेलेच तर पुढे मी, गोदूबाई मागे, आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. आणि लिही त्यांना, हळदीच्या सकाळी तुपातला शिरा घरी पाठवा. दोघींपुरता. मालतीला आवडतो.