ताईच्या कपाळावरचा लाल

छत्रपती संभाजीनगर

ती. बद्रीनाथदाजी यांस कडुबाचा साष्टांग नमस्कार.

आपण ठणठणीत असाल. एरवी हे वाक्य रीत म्हणून लिहितो, या वेळी मनापासून लिहिलं आहे. कारण पुढं कळेल.

ताई परवा माझ्याकडून न जेवता वैजापूरच्या गाडीत बसली, ते का, हे तिनं सांगितलं असेलच. पण तिला चित्रकलेतलं कळत नाही, म्हणून तपशील मी देतो. मी तिचं व्यक्तिचित्र तैलरंगात करत होतो. रंग चारच: पांढरा, काळा, लाल आणि पिवळी माती. (चेहऱ्यावर भाव आणायचा तर रंगांची गर्दी नको, हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच शोधलं.) हिरवा मी घरात ठेवत नाही, काळ्यात पिवळा मिसळला की होतो. म्हणजे उन्हात होतो. ट्यूबलाइटखाली तो काळाच राहिला आणि ताईच्या बांगड्या दिसेनात. कुंकूही मी सावलीत विरघळू दिलं, नाहीतर नजर डोळ्यांवर ठरली नसती. डोळे मात्र, दाजी, असे उतरले की मी तिथंच ब्रश धुऊन ठेवला.

चित्र वाळायला बैठकीत स्टुलावर ठेवलं. टर्पेंटाइनचा वास जावा म्हणून आमच्या सुरेखानं नेमकी त्याच्यासमोर उदबत्ती लावली. तेवढ्यात शेजारच्या सरिताबाई आल्या, चप्पल काढून हात जोडले आणि रडायलाच लागल्या, "अगं माय, कव्हा गेल्या ओ ताई?"

ताई कपबशी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कुठं जाते मी? चहा करायले!"

एवढ्यावर हसून भागलं असतं. पण मग ताई पहिल्यांदाच चित्रासमोर नीट उभी राहिली. "कडू, कुंकू कुठाय माझं? बांगड्या? धनी तिकडं कांदा भरायलेत, अन् तू त्यांना पार पोचवलं व्हय रे?" मी तिला छायाप्रकाश समजावू लागलो. (नुसतं 'चुकलं ताई' म्हणायचं होतं.) एकाच चित्रात मी दोघांना घालवलं, सरिताबाईंच्या लेखी तिला, तिच्या लेखी तुम्हाला. तेव्हापासून ती फोन उचलत नाही, आणि मला ब्रश उचलवत नाही.

आपला,
कडुबा

ता. क. भाऊबीजेला तिला घेऊन या. एकटीला पाठवू नका. आपण चालत आलेले सरिताबाईंना दिसले पाहिजेत.

आणखी ता. क. औरंगपुऱ्यातून हिरव्याची ट्यूब आणली. बांगड्या झाल्या. (हे बाहेर बोलू नये.) कुंकू मी लावणार नाही. लाल रंग काढून ठेवीन, तिनं आपल्या बोटानं लावावं. फक्त मधोमध नको, दोन सूत डावीकडं. मान कललेली आहे.